यंदाचा रंग

७ जानेवारी

दाढी काढली! ही आजची बातमी. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या चालवणाऱ्या मूठभर माणसांपैकी एकाने दाढी काढली आणि त्यावर माझ्या स्वयंपाकघरात दोन तास सभा भरली.

शर्यती कधीच संपल्या. पुढच्या सुरू व्हायला मार्च उजाडणार. मला वाटलं होतं, मधले महिने तरी घरात शांतता नांदेल. कसलं काय! शर्यत असते तेव्हा ती निदान दोन तासांत संपते. नसते तेव्हा संपायचं नावच घेत नाही.

बाबांची – म्हणजे माझ्या सासऱ्यांची – सभा रोज संध्याकाळी सातला, इंटरनेटवर. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. ताशी तीसच्या वर काटा गेला की शेजारच्या सीटवरून स्वतःचा ब्रेक दाबायचे. आणि वेड कसलं, तर तीनशेच्या वेगाचं! रिटायर झाल्यापासून ड्रायव्हिंग स्कूलमधली जुनी खुर्ची घेऊन स्वयंपाकाच्या टेबलाशी बसतात, समोर लॅपटॉप. स्वयंपाकघरातच, कारण तिथला दिवा म्हणे चांगला आहे. पाच-सहाशे माणसं बघायला येतात. त्यांना 'मास्तर' म्हणतात. पाच-सहाशे! ह्या लोकांना घरी कामं नसतात?

सातनंतर मी मिक्सर लावायचा नाही. माझ्या घरात, माझा मिक्सर!

८ जानेवारी

दाढीवर आज भाग दुसरा. सभेत एक 'डॉक्टर' आहे. तो म्हणाला, "दाढी काढली म्हणजे हेल्मेटचं नवं माप दिलं. नवं माप म्हणजे नवा संघ." लगेच सगळे – हो हो, अगदी बरोबर! एकाच्याही मनात आलं नाही की माणसाला खाज सुटली असेल.

हा डॉक्टर काही डॉक्टर नाही. बुटांचं दुकान आहे त्याचं.

१० जानेवारी

कामावर मोठी गोष्ट घडली. घरात कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

आमचं वर्कशॉप गाड्यांवर फिल्म चढवतं. रंग नाही, फिल्म. पातळ, चिकट, ताणली की ताणणारी. बाबा लोकांना सांगतात, "सून? ती स्टिकर चिकटवते." दहा वर्षं हेच सांगतायत. स्टिकर पाटीवर चिकटवतात. अख्ख्या गाडीला, तिच्या प्रत्येक वळणाला आणि खोबणीला, बुडबुडा न येऊ देता कातडीसारखी फिल्म बसवायची – त्याला काय म्हणतात ते बाबांना कोण समजावणार!

तर मालकीणबाईंनी आज शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्हा तिघांना जवळ बोलावलं. बाबांचा तो लाडका संघ आहे ना, पांढऱ्या गाड्यांचा, त्याची नवी गाडी फेब्रुवारीत जगाला दाखवणार आहेत. त्याच दिवशी शहरोशहरी एकेक देखाव्याची गाडी उभी करायची. आपल्या शहरातली आपल्याकडे आली! फिल्म ते देणार, चढवायची आपण. रंग गुपित. तोंडातून एक शब्द गेला तर काम गेलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "हे नीट झालं तर वर्षभराचं काम मिळेल. नाही झालं तर मला दुकान बंद करावं लागेल. खरं तेच सांगते." टेम्पोंची कामं सगळी त्या नव्या मोठ्या कंपनीकडे गेली, हे आम्हालाही दिसतंच आहे. पुढचे भाग माझ्याकडे दिले – नाक आणि दोन्ही बाजू. सगळ्यात अवघड काम. मी मान डोलावली.

संघाकडून एक माणूस आलाय, सारखी सील लावत हिंडतो. दाराला सील, खोक्याला सील. आम्ही त्याला सीलवालाच म्हणतो. सह्या घेताना त्याने विचारलं, "घरी कोण कोण? काय करतात?"

नवरा शीतगृहात सुपरवायझर. सासरे रिटायर्ड.

खोटं काय बोलले? रिटायर्डच आहेत.

११ जानेवारी

आजची बातमी: कुत्रा. पांढरेवाल्यांच्या ड्रायव्हरच्या कुत्र्याच्या गळ्यात निळा पट्टा. म्हणजे गाडी निळी. सभा दोन तास.

१३ जानेवारी

आज भाकितांचा दिवस. दर वर्षी गाड्या जगासमोर यायच्या आधी हे लोक एकेक भाकीत करतात – कोण कुठल्या संघात जाणार, कुठली गाडी कुठल्या रंगाची. ज्याचं खरं ठरेल त्याचा वर्षभर रुबाब. बाबांचं आजवर एकही खरं ठरलेलं नाही. एकही! सभेतल्या लोकांनी त्यांना नावच ठेवलंय – 'उलटं होकायंत्र'. मास्तर ज्या दिशेला बोट दाखवतील तिच्याकडे पाठ करून चालायला लागा, बरोबर पोहोचाल. बाबाही हसतात. पण ते हसणं मला ओळखीचं आहे. जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हेही मग त्यांना कळत नाही.

यंदा डॉक्टरने टूम काढली. म्हणाला, "मास्तर, पांढरेवाल्यांचा रंग सांगा. चुकलात तर खुर्ची माझी. सभा मी घेणार." आणि सगळे टाळ्यांची चित्रं टाकतायत! ज्याची सभा त्यालाच बाहेर काढायची तयारी, वर हौसेने.

बाबा म्हणाले, "हिरवा."

का, तर संघाच्या मालकाने नवीन घर घेतलं आणि त्या घराचं फाटक हिरवं आहे. मी कपाळावर हात मारला. फाटक! ह्या माणसाने हजारो लोकांना वाहतुकीचे नियम शिकवले.

'अंतिम भाकीत तीस तारखेला' असं ठरलं. तोवर बदलता येतं. तेवढीच दया.

१५ जानेवारी

फिल्म आली. सीलवाल्याने गुंडाळी उलगडली.

हिरवा!

काळपट, गडद हिरवा. समोरून बघितलं तर शेवाळलेल्या दगडासारखा. दोन पावलं बाजूला सरकून दिव्याकडे बघितलं की कडेने तांबूस झळकतो. मी इतकी वर्षं फिल्म चढवतेय, असा रंग हाताखालून गेलेला नाही. एवढा सुंदर, की त्या क्षणी बाबांची दयाच आली. बापजन्मात पहिल्यांदा माणूस बरोबर बोलला, तोही फाटकाच्या जोरावर!

आणि ती गाडी! बाहेरून जीव ओवाळून टाकावा अशी. आत इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, नुसता पोकळ सांगाडा. सगळ्या सभेने एकदा येऊन आत डोकवावं, असं वाटलं. जिच्यासाठी हे रात्रंदिवस भांडतात, ती आतून रिकामी.

कातरणीचे नियम कडक. कापून उरलेला प्रत्येक तुकडा पिशवीत, संध्याकाळी पिशवीचं वजन, मग सील.

संध्याकाळी बाबा पुन्हा हिरव्यावर बोलत होते. मी पाठमोरी उभी राहून भांडी घासत राहिले. घासलेलीच पुन्हा घासली.

१७ जानेवारी

बाबांनी पुन्हा सकाळच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या. दोन्ही डब्या स्टीलच्या, सारख्या दिसतात. म्हणाले, "अगं, एवढं काय, पोटात जाऊन सगळं एकच होतं." डॉक्टर सांगतो तसं वागायला काय होतं? आणि हा खरा डॉक्टर सांगतोय, बुटांचा नव्हे! नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, "जाऊ दे गं." त्याचं सगळं जाऊ देच असतं.

सध्याची बातमी: काहीच बातमी नाही. संघ गप्प आहे. 'गप्प आहे म्हणजे नक्की काहीतरी आहे' ह्यावर दीड तास.

२० जानेवारी

हातून एक मूर्खपणा झाला.

काम करताना आम्ही फिल्मच्या बारीक पट्ट्या बाहीवर चिकटवून ठेवतो. कोपरा उचकटला, लगेच बाहीवरची पट्टी काढून लावायची. सगळेच तसं करतात. हात भरलेले असतात, ठेवणार कुठे? आज घरी येऊन कपडे बदलायला गेले, तर कोपराच्या मागे बोटभर लांब हिरवी पट्टी! पिशवीला सील लागून गेलेलं. वजनात एवढीशी पट्टी कुणाला कळणार? परत नेली तर सीलवाला पंचनामा करेल, मालकीणबाईंचा चेहरा पडेल. आणि कशासाठी, तर बोटभर फिल्मसाठी!

फेकवेना. अशी फिल्म कुणी फेकतं का?

समोर बाबांची संध्याकाळची डबी होती. झाकणाभोवती गुंडाळली, केस सुकवायच्या यंत्राने जराशी गरम केली, अंगठ्याने दाबत फिरवली. बरोबर पुरली. आता हिरव्या झाकणाची संध्याकाळची, नुसत्या स्टीलची सकाळची. दोन कामं एका फटक्यात. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या डबीकडे कोण बघतंय!

बाबांना दाखवलं. त्यांनी डबी हातात घेतली. जरा वेळ घेऊनच बसले. म्हणाले, "हं." आणि गोळी घेतली.

दहा वर्षांत पहिल्यांदा माझं काम हातात धरलं. त्यावर हं!

२३ जानेवारी

डबीची युक्ती भलतीच लागू पडली. ज्या माणसामागे गोळ्या घेऊन पळावं लागायचं, तो स्वतःच विचारतो, "सूनबाई, गोळीची वेळ झाली का गं?" सभा चालू असतानाच साडेसातला डबी उघडतात. डोळ्यांना नीट दिसत नसावं, कारण आधी दिव्याखाली धरून इकडून तिकडून फिरवून बघतात. मग गोळी. गुणगुणतातही मध्येच! नवरा म्हणाला, "बाबा खुशीत आहेत हल्ली." म्हटलं, माझ्यामुळे. वेळेवर औषध पोटात गेलं की माणूस ताळ्यावर येतो.

गाडीचं नाक झालं. बुडबुडा नाही, सुरकुती नाही. मालकीणबाई बॅटरी घेऊन इंचाइंचाने फिरल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

२६ जानेवारी

त्या ड्रायव्हरची दाढी परत वाढली. आता?

२९ जानेवारी

पाचावर धारण बसलीय. अक्षर नीट येत नाहीये.

सभेत एक बाई आहे, फक्त टायरवर बोलते म्हणून तिला टायरवाली म्हणतात. बाकी सगळे कुत्र्याच्या पट्ट्यावर भांडत असतात तेव्हा ही कोपऱ्यात बसून गाड्यांचे फोटो मोठे मोठे करून बघत असते. आज तिने सभेच्या चित्रफितीतलं एक चित्र काढलं. बाबा दिव्याखाली डबी धरून बसलेत. ते चित्र तिने इतकं मोठं केलं की आतल्या गोळ्या मोजाव्यात! झाकण समोरून हिरवं. पुढच्या चित्रात डबी फिरलीय, झाकणाची कड तांबूस.

तिने लिहिलं, "हा कागद नाही. ही गाडीची फिल्म आहे आणि बाजारात मिळत नाही. मी शोधलं."

मग काय, मुंग्यांचं वारूळच फुटलं. मास्तर हिरवा म्हणाले होते! मास्तरांच्या घरात ही फिल्म आली कुठून? कुणीतरी दोन वर्षांपूर्वीची सभा उकरून काढली, त्यात बाबा मोठ्या ऐटीत म्हणतायत, "सून स्टिकर चिकटवते." आणि डॉक्टरने – त्या मेल्या बुटवाल्याने – आमच्या वर्कशॉपचा फोटो शोधून टाकला. शिडीवर मी, मासळीच्या टेम्पोवर फिल्म चढवतेय. चेहरा स्पष्ट.

ज्यांना स्वतःच्या घरात मीठ कुठे ठेवलंय ते सापडत नाही, त्यांना माझं दुकान सापडलं!

बाबांची सभा संपत आली होती. त्यांनी पडद्यावर वाचलं सगळं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्या अंतिम भाकीत. उद्याच बोलू," एवढं म्हणून लॅपटॉप मिटला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेहमीसारखे जेवले. ह्यांना काही कळतं तरी का? आपल्या हातात काय होतं, सुनेचं काय जायची वेळ आलीय – काही म्हणजे काही कळत नाही! डोळ्यांसमोर रोज धरून बसतात आणि दिसत नाही!

उद्या मालकीणबाईंना सांगून टाकायचं. माझी चूक, माझी नोकरी. पण माझ्या एकटीचं जाणार नाही ना. दुकानच जाणार. त्यांनी मला कात्री धरायलासुद्धा शिकवलं होतं. रडू येतंय आणि रागही येतोय.

३० जानेवारी

सगळं नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवलं, तर सीलवाला फोन समोर धरून उभा. त्याच्यापर्यंत ते चित्र पोहोचलं होतं. मालकीणबाई पांढऱ्याफटक. त्यांनी मला काही विचारलंच नाही. त्या म्हणत होत्या, "आमच्या पिशव्या तुम्हीच मोजल्यात. माझी माणसं तसली नाहीत." मी तोंड उघडणार, तेवढ्यात सीलवाला म्हणाला, "वरच्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. हे चित्र खरं धरलं जातंय की अफवा म्हणून विरतंय ते बघतो. धरलं गेलं तर गाडी उद्याच उचलणार. मग शहरातल्या कुठल्याच दुकानाला काम नाही." मी तोंड मिटलं. भित्री कुठली! सांगायला गेले होते ना?

सातला सभा. आज हजाराच्या वर लोक. नवराही लवकर आला होता, दाराशी उभा. मी ओट्याशी. पदार्थाला हात लावला नाही, नुसती सुरी धरून उभी.

बाबा खुर्चीत सरसावून बसले. पहिलं वाक्य काय? "ती डबी ना? अहो, मला गोळ्या ओळखू येत नाहीत म्हणून सूनबाईने भेटवस्तूचा कागद चिकटवलाय."

टायरवाली म्हणाली, "मास्तर, कागद असा झळकत नाही."

"चमकीचा कागद आहे बाई! आणि तुम्ही सगळे कुणावर संशय घेताय? माझ्या सुनेवर? ती भाजीच्या टेम्पोवर भोपळ्याची चित्रं लावते हो! तिला बोलावणार आहे का एवढा मोठा संघ?" आणि हसले. हजार माणसं हसली. हसण्याची चित्रं धो धो कोसळत होती.

माझ्या कानशिलांत आग पेटली. माझ्याच ओट्यापाशी मला उभी करून, हजार लोकांसमोर – भोपळे! सुरी टेबलावर आपटावी असं वाटलं. नवऱ्याने मान खाली घातली.

मग डॉक्टर. "असू दे कागद. म्हणजे तुमचं अंतिम भाकीत हिरवाच ना, मास्तर? खुर्ची लावताय ना?"

डबी पुढ्यातच होती. बाबांनी ती उचलली आणि खिशात टाकली.

म्हणाले, "नाही. हिरवा ही मी तुम्हाला दिलेली हूल होती. अंतिम भाकीत – पांढरा. आहे तोच राहणार. लिहून घ्या. चुकलो तर खुर्ची तुमची."

"नक्की?"

"पांढरा म्हटलं ना!"

आणि एका मिनिटात सगळं ओसरलं. डॉक्टरनेच लिहिलं, "घरात पुरावा असता तर मास्तर पांढऱ्यावर खुर्ची लावतील का? जाऊ द्या, डबी ती डबीच." टायरवालीने दोनदा काहीतरी लिहिलं, कुणी वाचलं नाही. दहाव्या मिनिटाला सभा परत त्या दाढीवर!

मी वाचले. आम्ही सगळेच वाचलो. आणि कशामुळे? एका माणसाच्या मूर्खपणामुळे! जन्मात एकदा फाटकाच्या कृपेने बरोबर उत्तर हाती लागलेलं, तेही ऐन वेळी सोडून दिलं. उलटं होकायंत्र म्हणतात ते खोटं नाही. आभार मानावेत की डोकं आपटावं, कळत नाही. आणि भोपळे मी विसरणार नाही.

३१ जानेवारी

पहाटेच उठून डबीवरची पट्टी काढली, बारीक बारीक कातरून टाकली. जागी साधी पांढरी लावली.

सकाळी बाबांनी बघितली. म्हणाले, "पांढरी केलीस? बरं केलंस."

का काढली, म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना काय! त्यांना गोळीशी मतलब. मीही भोपळ्यांबद्दल बोलले नाही. आज त्यांना चहा दिला तो मात्र कप आदळूनच.

४ फेब्रुवारी

सीलवाल्याने वर कळवलं, 'अफवा. विरली.' मालकीणबाईंना हसत हसत म्हणाला, "त्या सभेचा म्हाताराच पांढरा म्हणतोय!" बाई हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला शिसारी आली.

गाडी पूर्ण झाली. कापडाखाली झाकली. सीलवाल्याने सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाला, "पुढची कामंही इथेच देऊ." मालकीणबाई आत जाऊन तोंड धुऊन आल्या.

बाबांच्या गोळ्यांचा मात्र पुन्हा गोंधळ. पांढरी डबी आहे समोर, तरी आठवण करून द्यावी लागते. गुणगुणणंही बंद. काय झालं कुणास ठाऊक. खुर्ची जाणार ह्याची भीती वाटत असणार. मग कशाला लावायची?

९ फेब्रुवारी

बातमी: संघाने एका काळ्या पडद्याचं चित्र टाकलं. पडद्याच्या सुरकुत्यांवरून गाडीची लांबी काढायचं काम चालू आहे. शाबास!

१४ फेब्रुवारी

झालं. पडदा उघडला.

स्वयंपाकघरात लॅपटॉपवर सगळी सभा एकत्र बघत होती. हिरवी गाडी फिरत्या चौथऱ्यावर गर्रकन वळली, दिवा पडला आणि कडा तांबूस झळकल्या. टायरवालीने एकच ओळ लिहिली – "मी म्हटलं होतं." तेही कुणी वाचलं नाही, कारण तोवर सगळे मास्तरांवर तुटून पडले होते. हिरवा म्हणून सोडला! तोंडातला घास टाकला! उलटं होकायंत्र, उलटं होकायंत्र! मास्तरांनी वर्षानुवर्षं ज्यांची वेडीवाकडी मतं ऐकून घेतली, ते सगळे! एकालाही वाटलं नाही की म्हाताऱ्याला जरा जपावं. मी त्यांना हसते, ते वेगळं. मी घरातली आहे.

डॉक्टर म्हणाला, "मास्तर, शब्द."

बाबा म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून सभा तुमची." उठले, खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. मला वाटलं डोळे भरून येतील. तसं काही नाही. हात धुऊन पानावर बसले आणि म्हणाले, "भाजी छान झालीय."

गाडी फिरत होती तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. जन्मभराचा लाडका संघ, नवा रंग, सगळं जग आ वासून बघतंय – आणि हे खिडकीबाहेर बघत होते.

१५ फेब्रुवारी

आज सात वाजता स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. डॉक्टरची सभा डॉक्टरच्या घरी. बाबा बाहेरच्या खोलीत, टीव्ही बंद, नुसते बसलेले.

मिक्सर समोर होता. इतके दिवस हेच हवं होतं ना मला? लावायला हात गेला आणि मागे आला. लावला नाही. वाटण हातानेच केलं. आपल्याला वाईट वाटतंय हे कळायलाही वेळ लागला. त्या मूर्ख सभेसाठी मला वाईट वाटत होतं!

१६ फेब्रुवारी

मालकीणबाईंनी पास दिला – घरच्यांना गाडी जवळून दाखव म्हणाल्या. बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "नको."

"अहो, निदान रंग तरी बघा एकदा डोळे भरून!"

"बघितलाय की. रोज संध्याकाळी, दिव्याखाली, गोळी घेताना." पेपर खाली केला, पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. "काम फक्कड करतेस गं. झाकणावर एक बुडबुडा नव्हता."